रिठदची मारताबाई

पुणे,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझ्या पाया पडते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण आता पोटात राहत नाहीये. फोनवरच सांगणार होते. पण मागच्या वेळी मी ‘पिक्चर’ म्हटलं आणि तू ‘हो, पिकं बरी आहेत’ म्हणालीस. तेव्हा ठरवलं की तुझ्याशी बोलायचं तर पत्रच बरं. बाबाही म्हणाले, तिला ऐकू कमी येतं, पण पत्र मात्र ती दोनदा वाचते.

तर ऐक. ‘धूमकेतू के मुसाफिर’ सापडला. तुझा सिनेमा. तुझ्या लग्नानंतर रिठदच्या यात्रेत तंबूत लागला होता, तोच.

तुला माहीत आहे, आमच्या ऑफिसात सिनेमाखाली येणाऱ्या ओळी मराठीत लिहायचं काम चालतं. गेल्या आठवड्यात नव्या कामाची यादी आली. मूळ इंग्रजी नावावरून मला काही कळलं नाही, पण खाली जुन्या हिंदी पोस्टरचा फोटो होता. बर्फाची गुहा, पाच माणसं आणि मागे ती लांब शेपटी. मी उठून थेट राजपाल सरांकडे गेले. ते आमचे मुख्य. म्हटलं, हा मलाच द्या, याची गोष्ट मला पाठ आहे. त्यांनी विचारलं, कशी काय? मग मी उभ्या उभ्या सगळी सांगितली. पृथ्वीवर आदळायला निघालेला धूमकेतू. त्याच्या पोटात उतरून त्याची दिशा बदलायला गेलेले पाच जण. दिव्यासारखे डोळे असलेली जनावरं. शेवटी मागे राहिलेली मारताबाई, छोट्या विमानातून एकटी परत येणारी, आणि दारात तिला ‘जेवली काय?’ विचारणारी तिची माय. सरांनी सगळं ऐकून घेतलं, थोडं विचित्र बघितलं, आणि काम मला दिलं.

आत्या, तो सिनेमा पन्नास वर्षांहून जुना आहे हे खरं वाटत नाही. जुनी रिळं साफ करून पुन्हा उजळलीत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, त्या गुहा म्हणे प्लास्टर आणि मिठाच्या केल्या होत्या. पण पाचही जण दोराला धरून आत उतरतात ना, तेव्हा माझ्या शेजारची दोन पोरं आपापलं काम सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. एरवी ती कुठल्याही सिनेमाला नाक मुरडतात. दोर ताणल्याचा आवाज आणि त्या पाच जणांचे श्वास, एवढंच.

मी शेवटापर्यंत पोचलेले नाही. ओळ लिहून झाल्याशिवाय पुढे बघायचं नाही, अशी माझी सवय आहे. काम झालं की परवानगी काढून सिनेमा रिठदला आणते. आपल्या मंडपवाल्या हरीओमकडे लग्नात लावायचा मोठा पडदा आहेच, तो शेलूबाजारहून जीपमध्ये टाकून आणेल. तू, तुझी मैत्रीण विमलबाई, सगळ्या जणी पुन्हा एकदा बघा.

तुझी,
वैभवी


रिठद,
१९ नोव्हेंबर २०२४

वैभवी बेटा,

खुशाल राहा. तुझं पत्र आलं अन् मी ते आळीभर वाचून दाखवलं. आमच्या भावाच्या पोरीनं लिहिलेलं आता इंग्रजी पिक्चरखाली येते, हे मी पोस्टमनलेही सांगतलं. त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगतलं. विमलबाई म्हनली, पोरगी पुण्यात जाऊन पुन्हा आपल्याच पिक्चरपाशी आली. लय खूष झाली ती.

पन बेटा, पिक्चर इकडं आनायचं राहू दे. सोयाबीन निघालं, पन तूर उभी हाय अन् हरभऱ्याले पानी देनं सुरू हाय. बायांले सवड नाई. लाईनचा भरवसा नाई. अन् तवाच्या ज्या बाया उरल्या त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांले त्या पांढऱ्या बर्फात काय दिसन? माझं तर तुले माहीतच हाय. भिंत बोलली काय अन् मानूस बोलला काय, मले सारखंच.

तू तुझा पिक्चर पाय, चांगलं लिही. आमच्यापाशी आमचा हाय. कायले हरीओमले तरास देतं.

एक मात्र सांग. मारताबाईचा आवाज कसा हाय? तवा तंबूत कर्ण्यातून नुसती खरखर यायची. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज मनानंच धरला हाय. थोडा जाडसर, थांबून थांबून बोलनाऱ्या बाईचा. तसाच हाय काय?

हिवाळा हाय, डोक्याले बांधत जाय.

तुझी आत्या,
रुख्मिणी


पुणे,
२ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुला नीट ऐकू येणार नाही म्हणून तू नको म्हणतेस. त्याचं वाईट वाटून घेत असशील, म्हणून मी एक छान पत्रही लिहायला घेतलं होतं. ते फाडलं. आता कळलं तू का नको म्हणालीस.

काल शेवट बघितला.

तिचा आवाज जाडसर नाही, बारीक आहे. आणि ती परत येत नाही.

धूमकेतूच्या पोटातलं यंत्र चालू करायला कोणाला तरी मागे थांबावं लागतं. ती थांबते. दांडा ओढते. बर्फ कोसळतो आणि वाट बुजते. कॅप्टन बाकीच्यांना घेऊन निघतो, कारण थांबला तर पाचही जण मरतील. मग पृथ्वीवरचं मैदान, लोक, कॅप्टनच्या छातीवर पदक. सगळे वर बघतात. आभाळात प्रकाशाची एक रेघ जाते. कॅप्टन तिचा निरोप घेतो. संपलं. छोटं विमान नाही, शेत नाही, माय नाही. ते एकट्याचं विमान पहिल्या अर्ध्या तासात जहाजाच्या पोटाखाली लटकलेलं दिसतं, पण पुढे त्याचं काय होतं ते सिनेमा सांगतच नाही.

मी राजपाल सरांना जाऊन सांगितलं की मी चुकीची गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, मला तेव्हाच माहीत होतं, मी हा लहानपणी पाहिलाय. पण तुम्ही इतक्या विश्वासाने सांगत होता की मध्ये बोलवेना.

तुला आठवतं का, बारावीनंतर बाबा मला पुण्याला पाठवायला तयार नव्हते? एकटी पोरगी एवढ्या लांब गेली की गेलीच, असं म्हणत होते. तू रिठदहून शेलूबाजारला आलीस आणि ओसरीत सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘मारताबाई आभाळातून परत आली, हे पुण्याहून नाई येनार काय?’ बाबा हसले आणि तिथेच विषय संपला. मी त्या बाईच्या भरवशावर घर सोडलं, आत्या. इथे पहिल्या वर्षी रडू यायचं तेव्हा मी तिचं ते शेतात उतरणं डोळ्यांसमोर आणायची.

मला फक्त एवढं सांग. तुला तेव्हा कळलं नव्हतं, की कळूनही तू वेगळं सांगितलंस?

वैभवी


रिठद,
१२ डिसेंबर २०२४

वैभवी बेटा,

तू सरळ विचारलं, मी सरळ सांगते. कळलं होतं. पुरतं कळलं होतं. इंग्रजीचा एक शब्द समजला नाई, पन त्या कॅप्टनच्या तोंडाकडं पाहून ज्याले समजनार नाई तो मानूसच नाई.

आता त्या दिवशी काय झालं ते वाच. हे मी कोनाले असं लिहून दिलं नाई.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. यात्रेत तंबूचा सिनेमा आला. पोस्टर देवीच्या पिक्चरचं लागलं होतं, म्हनून सासूबाईनं आळीतल्या बाया गोळा केल्या. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आम्ही सगळ्या गेलो. मधात कनात बांधलेली, एकीकडं मानसं, एकीकडं बाया. लाईट गेले अन् पडद्यावर देवी काही येईना. आले ते पत्र्याचे कपडे घातलेले गोरे मानसं. रिळांची पेटीच चुकून दुसरी आली होती. सिनेमावाला म्हने आता हाच पाहा. मानसं कनातीपलीकडून शिट्ट्या वाजवत होते. बाया उठायले लागल्या.

सासूबाई उठल्या नाईत. त्या लय कडक होत्या, तू पाह्यल्या नाईत. मी मॅट्रिक झाली म्हनून त्यांनी मले कधी चांगलं म्हनलं नव्हतं. भाकर जाड झाली की माझं मॅट्रिक काढायच्या. पन त्या दिवशी त्या मोठ्यानं बोलल्या, ‘बसा खाली. आमची सून मॅट्रिक हाय, ते सांगन काय होऊन राह्यलं ते.’ अन् सगळ्या बसल्या.

बेटा, मले घाम फुटला. मॅट्रिकचं इंग्रजी केवढं, अन् ते गोरे बोलत होते केवढं. पन सासूबाईनं भर तंबूत माझं नाव घेतलं होतं. मी पडद्याकडं पाह्यलं अन् सांगायले लागली. हा मोठा दिसते, म्हनजे कॅप्टन. हे बाई शिकलेली हाय, तिच्यापाशी सगळे विचारायले येतात. तिचं नाव मारता. हा जाड्या भित्रा हाय पन मनाचा चांगला. आभाळात तो दगड येऊन राह्यला, तो थांबवला नाई तर शेतंवावरं सगळं जाते. थोड्या वेळानं कोनी उठायचं नावच घेईना. ते दोरानं उतरतात तवा साऱ्या बायांनी एकमेकींचे हात धरले होते. मी सांगायची थांबली की मागून आवाज येत, ‘पुढं सांग वं.’ कनातीपलीकडच्या शिट्ट्याही बंद झाल्या. मानसंही माझंच ऐकत होते, हे मले मागून समजलं.

माझ्या बाजूले विमल बसली होती. आता तुमची विमलबाई. तवा ती माझ्याच वयाची, अन् तिचा नवरा त्याच पावसाळ्यात गेलेला. तेव्हापासून ती घराबाहेर निघाली नव्हती. सासूबाईच तिले हाताले धरून घेऊन आल्या होत्या. तिचे दीर तिले मायेरी पाठवायच्या गोष्टी करत होते, शेतात तिचा पाय पडू नये म्हनून.

मारताबाईनं दांडा ओढला. बर्फ पडला. विमलनं माझं मनगट धरलं अन् हळूच म्हनली, ‘गेली ना?’

तितक्यात आभाळात ते रेघ दिसली. सगळे लोक वर पाहत होते. अन् मी म्हनलं, ‘नाई वं. ते पाय, येऊन राह्यली.’

तोंडातून निघालं अन् मग मी थांबली नाई. पिक्चर संपला, लाईट लागले, तरी मी सांगतच होती. ते लटकलेलं विमान मले आठवलं, ते मी तिले दिलं. ती वावरात उतरली. पायी घरी गेली. मायनं जेवली काय विचारलं. बाया डोळे पुसत हसत होत्या. सासूबाई घरी जातांना रस्ताभर मागंपुढं चालनाऱ्यांले सांगत होत्या, ‘आमच्या सुनेनं सांगतलं.’

विमल मायेरी गेली खरी, पाठवलीच तिले. दोन वर्षांनी एकटी परत आली, एसटीतून उतरली अन् सरळ वावरात गेली. दिरांनी विचारलं, कायले आली? ती म्हनली, ‘मारताबाई आली तशी आली. हिस्सा माझा हाय.’ आज ते वावर तिच्या नावावर हाय. तेव्हापासून गावची जी पोरगी बाहेर शिकायले जाते तिले रिठदात मारताबाई म्हनतात. तुझ्याआधीही किती झाल्या.

तुले राग आला, तो तुझा हक्क हाय. पन मी चुकली असं मी म्हननार नाई. मी पिक्चर बिघडवला नाई. त्यानं विमलले जे द्यायचं राहून गेलं होतं, ते मी दिलं.

तुझी आत्या,
रुख्मिणी


पुणे,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. मग घरी येऊन पुन्हा वाचलं.

मी रागात लिहिलं. तू गोष्ट चुकीची सांगितलीस असं मला वाटलं होतं. आता वाटतं, मला ती गोष्ट मिळाली म्हणूनच मी आज त्या पडद्यासमोर बसले आहे. काल काम करताना मी तो शेवट पुन्हा लावला. यावेळी डोळे ओले झाले ते मार्थासाठी, म्हणजे तुझ्या मारताबाईसाठी, आणि थोडे तुझ्या सासूबाईंसाठीही.

परवानगी मिळाली आहे. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन होतंच, त्याच संध्याकाळी पटांगणात दाखवता येईल. हरीओम पडदा आणि स्पीकर घेऊन येतो. मला मात्र येता येणार नाही, नेमक्या त्याच आठवड्यात दुसरं एक काम पूर्ण करून द्यायचं आहे. माझ्या ओळींचा पहिला खर्डा सिनेमाखाली दिसेल.

पण तुला नको असेल तर नको. किंवा मी हरीओमला सांगते, तिने दांडा ओढला की सिनेमा तिथेच थांबव. पुढचं तू सांग. कोणाला काही कळणार नाही.

तुझी वैभवी


रिठद,
९ जानेवारी २०२५

वैभवी बेटा,

पिक्चर येऊ दे. पूर्ण येऊ दे. कापायचा नाई. ज्या बाईनं जीव दिला तिचा शेवट कापून आपली गोष्ट मोठी करायची, हे मले नाई पटत. बायांले मी अगोदरच सांगीन, तोंडानं. त्यांनी पडद्यावर पाहून मंग माझ्याकडं पाह्यलेलं मले नको.

म्हनून काल विमलबाईकडं गेली. ती अंगनात तूर पाखडत होती. मी बाजूले बसली अन् सगळं सांगतलं. तिथं मारताबाई मरते, परत येत नाई, ते मी बनवलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं पाह्यलं. उठली अन् घरात गेली. मी बसून बसून परत आली.

आज विहिरीपाशी दिसली, मान वळवून गेली. इतक्या वर्षांत आमचं कधी असं झालं नाई. बाकीच्या बायांले सांगतलं त हसल्या, म्हनल्या बरी बनवली वं. पन विमलचं वेगळं हाय. ती त्या गोष्टीवर उभी राह्यली होती, अन् मी तिच्या पायाखालची माती काढली असं तिले वाटलं असन.

तरी मी सांगतलं ते बरंच केलं. हरीओमले पाठव.

रुख्मिणी


पुणे,
१७ जानेवारी २०२५

आत्या,

विमलबाईंचं वाचून चैन पडत नाही. त्यांना दुखवून सिनेमा दाखवायचा नाही मला. एक अक्षर पाठव, मी हरीओमला थांबवते.

वैभवी


रिठद,
२८ जानेवारी २०२५

वैभवी बेटा,

तुझं पत्र काल आलं. पिक्चर त्याच्या आदल्या दिवशीच होऊन गेला. बरं झालं उशिरा आलं.

दिवस मावळला अन् हरीओमनं शाळेच्या भिंतीले पडदा लावला. मले वाटलं धा-वीस बाया येतीन. अर्धं गाव आलं. वाशिमले दिलेल्या पोरी लेकरं घेऊन आल्या. विमलबाईची नात, तिच्या भाच्याची पोरगी योगिनी, अकोल्याले नर्सिंग शिकते, ती सुट्टीवर होती. ती विमलले घेऊन आली अन् अगदी समोर बसली. विमलनं माझ्याकडं पाह्यलं नाई.

मी एका बाजूले खुर्ची टाकून बसली. मले फक्त स्पीकरचा धमधम छातीत लागत होता. पन तुझ्या ओळी वाचता येत होत्या, बेटा. तवा मी अंदाजानं सांगतलेलं किती बरोबर होतं ते पाहून मलेच नवल वाटलं. तो जाड्या खरंच भित्रा हाय अन् मनाचा चांगला हाय. ज्यांले वाचता येते त्या बाजूच्या म्हाताऱ्यांले सांगत होत्या. सगळ्या ठिकानी कुजबुज, अन् सगळ्यांच्या तोंडावर त्या बर्फाचा उजेड. दोरानं उतरायची वेळ आली तवा लहान लेकरंही गप झाली. मोबाईलवर रात्रंदिवस काय काय पाहतात, पन तो दोर ताणला अन् त्यांनीही मायांचे हात धरले. जुना असून कसा धरून ठेवते हा पिक्चर.

मंग तिनं दांडा ओढला. बर्फ पडला. कॅप्टनले पदक भेटलं. लोक वर पाहायले लागले. रेघ गेली. खाली तुझी ओळ आली, ‘अलविदा, मार्था’. पोरी रडत होत्या. हरीओमनं लाईट लावायले हात नेला.

तवा विमलबाई उठली. पडद्यापुढं जाऊन गावाकडं तोंड करून उभी राह्यली. काय बोलली ते मले ऐकू आलं नाई, पन सगळ्यांच्या माना वर झाल्या. मंग ती माझ्याजवळ आली, माझ्या कानापाशी तोंड आनलं अन् तेच पुन्हा मोठ्यानं म्हनली, ‘हे त्या कॅप्टनले दिसलं तेवढंच हाय. तो खाली उभा होता, त्याले वरचं काय माहीत? ऊठ रुख्मिणी. पोरींले पुढचं सांग.’

मी तिले म्हनलं, तू तर माझ्याशी बोलत नव्हती.

ती म्हनली, ‘ईचार करत होती. तू मले खोटं सांगतलं म्हने. पन मी तर खरीच आली ना परत?’

तिनं माझा हात धरून मले पुढं नेलं. हरीओमले सांगतलं, शेवटचा तुकडा पुन्हा लाव, आवाज बंद कर. पडदा उजळला. कॅप्टन वर पाहायले लागला. मी तोंड उघडनार, तर माझ्याआधी त्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम म्हनल्या, ‘ते पाय, येऊन राह्यली.’ ते मले ऐकू आलं. भिंत अन् मानूस सारखं म्हननाऱ्या मले ऐकू आलं.

मंग मी सांगतलं. विमान, वावर, पायी चालनं, सगळं. मारताबाईनं केवढं मोठं काम केलं ते आधी सांगतलं, अन् मंग तिले घरी आनलं. नव्या पोरी तोंडाकडं पाहत होत्या. योगिनी मोबाईलवर माझं रेकॉर्डिंग करत होती.

मले मी म्हातारी झाली असं वाटतच नव्हतं. घरी येतांना विमल रस्ताभर सगळ्यांले सांगत होती, रुख्मिणीनं सांगतलं. सासूबाईसारखंच.

ओळी चांगल्या लिहिल्या तू. सगळ्यांनी नाव काढलं. एकच गोष्ट विमलनं म्हनली, ते लिहिते म्हनून राग मानू नको. ती म्हने, ‘कॅप्टन मानसातला दिसते, मंग जातांना कोनाले असं अलविदा कायले म्हनते? आपल्याकडं कोनी म्हनन काय?’

तुझी आत्या,
रुख्मिणी


पुणे,
३ मार्च २०२५

प्रिय आत्या,

उशीर झाला, कारण तुला सांगायला काहीतरी हातात हवं होतं. आता आहे. सिनेमा मराठी ओळींसह लागला. शेवटी पडद्यावर माझं नाव येतं. आई-बाबांनी टीव्हीवर तिथे थांबवून फोटो काढला आणि शेलूबाजारात ज्याला-त्याला पाठवला. योगिनीचं रेकॉर्डिंगही मी ऑफिसात दाखवलं. त्या दोन पोरांनी ते दोनदा बघितलं आणि विचारलं, तुमच्या गावात सगळ्याच अशा आहेत का? मी म्हटलं, हो.

पण सांगायचं ते हे.

विमलबाईंचं ते वाक्य वाचल्यावर मी त्या शेवटच्या ओळीपाशी दोन दिवस अडून बसले. काम तिसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मूळ इंग्रजीत कॅप्टन अगदी साधं बोलतो, घरातलं माणूस प्रवासाला निघालं की म्हणतात तसं. त्यात ‘अलविदा’चा भार नाही. मी ‘निरोप घेतो’ करून पाहिलं. ते एखाद्या सत्काराच्या भाषणासारखं वाटलं. ‘जा, मार्था’ तर लिहिताच येईना. आपल्याकडे निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत. मग मला आमचं एसटी स्टँड आठवलं. बाबा मला पुण्याच्या गाडीत बसवायला आले होते. खिडकीखाली उभे होते, आणि गाडी हलल्यावर जे म्हणाले, तेच प्रत्येक बाप म्हणतो.

मी ते लिहिलं आणि राजपाल सरांकडे नेलं. ते काळजीने वाचतात, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर परत पाठवतात. त्यांनी विचारलं, ती तर कायमची चालली आहे, मग हे कसं? मी म्हटलं, सर, मराठीत निघणाऱ्या माणसाला आम्ही हेच म्हणतो. कायमचं जाणाऱ्यालाही दुसरा शब्द आमच्याकडे नाही. त्यांनी ती फ्रेम पुन्हा लावली, ओठांची हालचाल बघितली, शब्द मोजून बघितले. म्हणाले, बरोबर आहे, राहू दे.

तेव्हा आता ज्या ज्या घरी हा सिनेमा मराठीत लागेल, तिथे कॅप्टन आभाळाकडे बघतो, ती रेघ दूर जाते, त्याचे ओठ हलतात आणि खाली दोन शब्द येतात :

‘ये, मार्था.’

विमलबाईंना वाचून दाखव.

तुझी,
वैभवी